जुनी गाडी प्रदूषण चाचणीत नापास झाली? आधी अहवाल वाचा, मग पाना उचला

गाडी प्रदूषण चाचणीत नापास झाली की बहुतेकांचा हात आधी खिशात जातो. कुणी टाकीत ओतायची बाटली आणतो, कुणी एका दमात प्लग, फिल्टर, ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) सगळं बदलून टाकतो, कुणाला सांगितलं जातं की ‘कॅट गेला, नवा टाका’. कॅट म्हणजे धुरातले घातक वायू निरुपद्रवी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. यातलं एखादं खरंही ठरतं. पण कोणतं, हे चाचणीच्या छापील अहवालात लिहिलेलं असतं आणि तोच कागद घडी घालून गाडीच्या कप्प्यात पडलेला असतो. ‘नापास’ या शब्दाच्या आजूबाजूचे आकडे नीट वाचले, तर निम्मं निदान बॉनेट न उघडता होतं.

इथे मुख्यतः जुन्या पेट्रोल गाड्यांचा विचार केला आहे, कार्ब्युरेटरच्या (हवेच्या ओढीने पेट्रोल मिसळणाऱ्या) आणि फ्युएल इंजेक्शनच्याही (पेट्रोल मोजून फवारणाऱ्या). डिझेलच्या धुराबद्दल शेवटाकडे थोडं आहे. एक सूचना आधीच: यातलं बरंच काम इंजिन चालू ठेवून करायचं आहे, तेव्हा ते उघड्यावरच करा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि बंद गॅरेजमध्ये तो जीव घेतो.

आकड्यांची भाषा

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. या प्रमाणाला लॅम्डा १ म्हणतात. लॅम्डा १ च्या खाली म्हणजे मिश्रण रिच, पेट्रोल जास्त. वर म्हणजे लीन, हवा जास्त. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाड्यांना अनेक ठिकाणी ०.९७ ते १.०३ एवढीच मोकळीक असते.

सीओ, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, टक्क्यांत मोजतात. पेट्रोल पेटलं पण हवा पुरली नाही, तेव्हा तो तयार होतो. एचसी, म्हणजे हायड्रोकार्बन, पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखांत किती भाग, असं मोजतात. हे मुळात न जळताच बाहेर पडलेलं पेट्रोल, किंवा ऑइल. या दोन वाक्यांतला फरक लक्षात ठेवला तर पुष्कळ पैसे वाचतात. प्लग खराब असेल, ठिणगीच पडत नसेल, तर त्या सिलिंडरमध्ये काही जळतच नाही. मग तिथून सीओ येणार कुठून? सीओ खूप चढला आहे म्हणून प्लग आणि वायरी बदलणं हा नेम चुकलेला खर्च आहे.

अहवालात बहुधा आणखी दोन आकडे असतात आणि त्यांच्याकडे कुणी बघत नाही. कार्बन डायऑक्साइड हा चांगल्या ज्वलनाचा पुरावा. तंदुरुस्त पेट्रोल इंजिनात तो १४ ते १५ टक्क्यांच्या आसपास असतो. ऑक्सिजन म्हणजे वापरली न गेलेली हवा. इंजेक्शनच्या, कॅट असलेल्या धडधाकट गाडीत तो एका टक्क्याच्या खूप खाली असतो. नॉक्स, म्हणजे नायट्रोजनचे ऑक्साइड, हे बहुधा रोलरवर भार देऊन घेतलेल्या चाचणीतच मोजतात.

आता हे आकडे एकत्र वाचा.

सीओ चढलेला, ऑक्सिजन जवळजवळ शून्य, लॅम्डा १ च्या खाली: मिश्रण रिच आहे. एचसीही थोडा वाढलेला दिसेल, पण तो मागून आलेला आहे.

एचसी चढलेला, ऑक्सिजनही चढलेला, सीओ मात्र कमी: गाडी मिसिंग करते आहे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये ज्वलन चुकतंय. इथे लॅम्डा बघा. तो १ च्या जवळ असेल तर मिश्रण ठीक आहे, पेटवणारं काहीतरी चुकतंय: प्लग, वायर, कॉइल किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब). लॅम्डा १ च्या बराच वर असेल तर मिश्रण इतकं विरळ आहे की ते पेटतच नाही.

सीओ आणि एचसी दोन्ही मर्यादेच्या वर, लॅम्डा मात्र अगदी १ ला चिकटलेला, आणि गाडी चालायला गुळगुळीत: आता कॅटवर संशय घ्या.

ऑक्सिजन जास्त, कार्बन डायऑक्साइड कमी, आणि इंजिन तर छान चालतंय: सायलेन्सरला कुठेतरी भोक आहे किंवा सांधा ढिला आहे, बाहेरची हवा आत जाते आहे. एक्झॉस्टमध्ये हवा सोडणारा एअर पंप बसवलेल्या काही जुन्या गाड्यांत असे आकडे स्वाभाविकही असतात.

दोष स्लोला (ॲक्सिलरेटर न दाबता) दिसतो की रेसला (आरपीएम चढवल्यावर), हेही बघा. फक्त स्लोला आकडे बिघडत असतील तर व्हॅक्यूम पाइपची (इंजिनाची ओढ पोचवणाऱ्या नळीची) गळती, आयडल मिक्स्चर (स्लोचं मिश्रण) किंवा घट्ट टॅपेट (व्हॉल्व्हची फट कमी झालेली). फक्त २,५०० आरपीएमच्या आसपास बिघडत असतील तर मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं मुख्य छिद्र) किंवा चोंदलेला एअर फिल्टर. दोन्हीकडे सारखेच बिघडले असतील तर फ्युएल प्रेशर, एखादा सेन्सर किंवा कॅट.

चाचणीच्या वेळी गाडी तापलेली होती का?

पुष्कळ गाड्या इथेच नापास होतात. कॅट कामाला लागायला साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. डॅशबोर्डवरचा काटा मध्यावर आला म्हणजे फक्त कूलंट तापलं. कॅटचा त्याच्याशी थेट संबंध नाही. रांगेत बराच वेळ स्लोला घुरघुरणाऱ्या गाडीचा कॅट उलट थंड होत जातो. जुन्या गाड्यांमध्ये एका तारेचा ऑक्सिजन सेन्सर असतो, त्याला स्वतःचा हीटर नसतो. तो थंडावला की ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, त्याचं ऐकणं सोडून देतो आणि ठोकताळ्याने पेट्रोल सोडतो.

थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडबंद करणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकला असेल तर गाडी कितीही चालवा, इंजिन पुरेसं तापतच नाही आणि ईसीयू मिश्रण रिच ठेवत राहतो. मोकळ्या रस्त्यावर काटा खाली घसरत असेल तर आधी थर्मोस्टॅट बदला. स्वस्त पार्ट आहे, आणि त्याच्यावाचून पुढचं कोणतंही मोजमाप विश्वासाचं नाही.

ऑइलही बघून घ्या. लहान-लहान फेऱ्या मारणाऱ्या गाडीत पेट्रोल हळूहळू ऑइलमध्ये उतरतं. इंजिन तापलं की त्याची वाफ पीसीव्ही व्हॉल्व्हमधून (इंजिनाच्या पोटातली वाफ ओढून घेणाऱ्या) परत इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत जायच्या वाटेत, येते आणि सीओ चढतो. तपासणी सोपी आहे: गॅस ॲनालायझर (चाचणीतलेच वायू मोजणारं यंत्र) लावलेला असताना पीसीव्ही व्हॉल्व्ह टॅपेट कव्हरमधून उपसा आणि त्याला स्वच्छ हवा ओढू द्या. सीओ लक्षणीय उतरला तर ऑइल आणि फिल्टर बदलूनच पुढे जा. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येणं ही त्याचीच खूण.

सीओ जास्त असेल तर

कार्ब्युरेटरच्या गाडीत सगळ्यांना मिक्स्चर स्क्रूची घाई असते. तो शेवटी. आधी एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरा. मग इंजिन पूर्ण गरम असताना चोकची (थंड इंजिनासाठी हवा अडवणारी) पट्टी पूर्ण उघडी उभी राहते का ते पाहा. हाताने ओढायच्या चोकची केबल अडकते आणि आपोआप चालणाऱ्या चोकची स्प्रिंग गंजते. पट्टी थोडीशी आडवी राहिली तरी सीओ भरपूर वाढतो. त्यानंतर फ्लोट, म्हणजे कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची पातळी सांभाळणारा तरंगता भाग: नीडल व्हॉल्व्ह झिजला किंवा फ्लोटमध्ये पेट्रोल शिरलं की चेंबरमधली पातळी वर जाते आणि इंजिन सगळ्याच वेगांत रिच चालतं. गाडी गरम असताना बंद करून लगेच सुरू करताना त्रास देते आणि पेट्रोलचा उग्र वास येतो, तर पहिला संशय फ्लोटवर. आणि एअर ब्लीडची बारीक छिद्रं. ती चोंदली की हवा कमी मिसळते. ती कार्ब क्लीनर आणि दाबाच्या हवेने साफ करा. तार घालू नका, छिद्राचं माप बिघडतं.

हे सगळं ठीक असेल तरच मिक्स्चर स्क्रू. आधी तो हलक्या हाताने आत टेकेपर्यंत फिरवून किती फेरे झाले ते लिहून ठेवा आणि परत जागेवर आणा. इंजिन गरम, एअर फिल्टर बसवलेला, आरपीएम पुस्तकात दिल्याप्रमाणे. मग ॲनालायझरकडे बघत थोडा-थोडा फिरवा, प्रत्येक वेळी आकडा स्थिरावू द्या. सीओ उतरता-उतरता एका जागी एचसी एकदम वर उसळतो. ती लीन मिसिंगची हद्द. तिथून किंचित मागे या.

इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल किती सोडायचं हे ईसीयू सेन्सरांच्या सांगण्यावरून ठरवतो, म्हणून इथे प्रश्न असा असतो की खोटं कोण बोलतंय. पहिला साक्षीदार कूलंट तापमानाचा सेन्सर. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी स्कॅनर (ईसीयूतले आकडे वाचणारं यंत्र) लावा: कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळजवळ सारखं दिसलं पाहिजे. इंजिन सुरू केल्यावर आकडा एकसंध चढत ८०–९५ अंशांपर्यंत जायला हवा. स्कॅनरची सोय नसलेल्या गाडीत मल्टिमीटरने रोध मोजा. बऱ्याच गाड्यांत तो २० अंशांना २ ते ३ किलोओहम आणि ८० अंशांना काहीशे ओहम असतो. गरम इंजिनावरही किलोओहमच दिसत असतील, तर ईसीयूच्या लेखी गाडी कायम थंड आहे.

दुसरा साक्षीदार पेट्रोलचा दाब सांभाळणारा फ्युएल प्रेशर रेग्युलेटर. त्याचा बारीक व्हॅक्यूम पाइप काढून हुंगा. आत पेट्रोलचा ओलावा असेल तर डायफ्रॅम फाटला आहे आणि पेट्रोल थेट इनटेक मॅनिफोल्डमध्ये ओढलं जातंय. या तपासणीला एक पैसा लागत नाही आणि तरी ती फार कमी जण करतात. त्याच्या शेजारी कॅनिस्टर पर्ज व्हॉल्व्ह, टाकीतली वाफ इंजिनात सोडणारा. त्याचा पाइप चिमटीत दाबून धरल्यावर सीओ उतरला तर पेट्रोलची वाफ तिथून येते आहे.

आणि मग ऑक्सिजन सेन्सर. जुन्या झिर्कोनिया सेन्सरचं व्होल्टेज ०.१ आणि ०.९ च्या दरम्यान सतत वर-खाली झुलायला हवं. वर म्हणजे रिच, खाली म्हणजे लीन. ते ०.१–०.२ ला चिकटून बसलं असेल आणि त्याच वेळी सीओ जास्त असेल, तर लगेच सेन्सर बदलू नका. तीन शक्यता आहेत. सेन्सर मेला असेल. किंवा सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डला तडा असेल. तिथून बाहेरची हवा ओढली जाते, सेन्सर ‘लीन’ म्हणतो आणि ईसीयू इमानेइतबारे आणखी पेट्रोल ओततो. किंवा एखादा सिलिंडर मिसिंग करत असेल, आणि त्याचा न वापरलेला ऑक्सिजन सेन्सरला तसाच फसवत असेल. निवाडा करायला २,५०० आरपीएम धरून एअर इनटेकचं तोंड क्षणभर थोडं झाका. मिश्रण रिच झालं की व्होल्टेज ०.८ च्या वर उडी मारायला हवं. मग एक व्हॅक्यूम पाइप सोडा. ते झटकन ०.२ च्या खाली यायला हवं. दोन्हीकडे चपळ उत्तर मिळालं तर सेन्सर जिवंत आहे आणि दोष दुसरीकडे आहे.

ओबीडी-२ चं, म्हणजे स्कॅनर जोडायचं प्रमाणित, सॉकेट असलेल्या गाडीत (अमेरिकेत १९९६ पासून, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून ते सक्तीचं झालं) दोषाच्या कोडपेक्षा फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयूने पेट्रोलच्या मापात केलेली टक्केवारीतली दुरुस्ती, बघा. ट्रिम अधिक म्हणजे ईसीयूला मिश्रण लीन वाटतंय आणि तो पेट्रोल वाढवतोय. उणे म्हणजे उलट. दहा टक्क्यांपर्यंतची हालचाल चालते. स्लोला ट्रिम बराच अधिक आणि रेस दिल्यावर शून्याकडे येतो, तर व्हॅक्यूम गळती. स्लोला ठीक आणि भार आल्यावर चढत जातो, तर पेट्रोलचा पुरवठा अपुरा आहे किंवा हवा मोजणारा एअर फ्लो सेन्सर मळला आहे. कोड हा फक्त पत्ता असतो. ‘पी ०१७१’ म्हणजे मिश्रण लीन आहे एवढंच. ऑक्सिजन सेन्सर बदला असं तो सांगत नाही.

एचसी जास्त असेल तर

सगळे प्लग काढून क्रमाने मांडून ठेवा. फिकट तपकिरी म्हणजे ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे रिच. ओलसर, तेलकट म्हणजे ऑइल वर येतंय. पांढराफटक म्हणजे लीन किंवा जास्त गरम. चारांतला एकच वेगळा दिसला तर दोष त्या सिलिंडरपुरता आहे, आणि काम फारच सोपं झालं.

प्लगचा गॅप पुस्तकाप्रमाणे करा. वायरींचा रोध मोजा, डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना वीज वाटणाऱ्या भागाच्या) कॅपच्या आत बारीक काळ्या रेषा आहेत का बघा. त्या रेषांतून ठिणगी भलतीकडे पळते. अंधारात, चालू इंजिनाच्या वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारा (हात दूर ठेवून). निळसर ठिणग्या नाचताना दिसल्या तर वायरी गेल्या.

कोणता सिलिंडर मिसिंग करतोय हे शोधायला प्लगची वायर काढून बघायची जुनी रीत आहे. कॅट असलेल्या गाडीत ती टाळा. न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळू शकते. त्याऐवजी एका वेळी एका इंजेक्टरचं कनेक्शन काढा. ज्याचं काढल्यावर इंजिनाला फरकच पडत नाही, तो दोषी.

टायमिंग लाइट लावून टायमिंग, म्हणजे ठिणगी कधी पडते ते, बघा. गाडीला पिकअप यावा म्हणून कुणीतरी डिस्ट्रिब्युटर ॲडव्हान्स करून (ठिणगी लवकर पडेल असा) ठेवलेला असतो. त्याने एचसी आणि नॉक्स दोन्ही वाढतात. व्हॅक्यूम पाइप एकेक करून वाकवून बघा, जुन्या रबराला वाकवल्यावरच भेगा दिसतात. गळती शोधायला गरम इंजिनावर पेटणारा स्प्रे मारणं धोक्याचं आहे. धूर सोडून तपासणारं यंत्र असलेल्या ठिकाणी ते काम काही मिनिटांत होतं.

एवढं होऊनही एचसी उतरत नसेल तर कॉम्प्रेशन. इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा, इग्निशन आणि पेट्रोल दोन्ही बंद. सिलिंडरांमधला फरक १०–१५ टक्क्यांच्या आत हवा. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल सोडून परत मोजा. आकडा चढला तर रिंगा झिजल्या आहेत. चढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गास्केट. शेजारशेजारचे दोन्ही कमी असतील तर बहुधा गास्केट त्यांच्या मधल्या जागी फुटलंय. पण हेड उघडण्याआधी टॅपेट तपासा! टॅपेट घट्ट असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं, आणि ते फीलर गेज घेऊन तासाभरात सुधारता येतं.

उतारावर ॲक्सिलरेटर सोडून उतरल्यावर पुन्हा दाबताच मागून निळा धूर आला, तर व्हॉल्व्ह सील. सतत निळा असेल तर रिंगा.

नॉक्स

ज्वलनाचं तापमान सुमारे १,४०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की नॉक्स झपाट्याने तयार होतो. म्हणून कारणं सगळी उष्णतेची: लीन मिश्रण, ॲडव्हान्स टायमिंग, अर्धवट चोंदलेला रेडिएटर, ज्वलनकक्षात साठलेला कार्बन, आणि सर्वांत जास्त वेळा ईजीआर, म्हणजे थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात सोडून ज्वलन थंड ठेवणारी व्यवस्था. स्लोला ईजीआर व्हॉल्व्ह हातपंपाच्या व्हॅक्यूमने उघडा. इंजिन अडखळलं किंवा बंद पडलं तर वाट मोकळी आहे. काहीच झालं नाही तर मार्ग कार्बनने बुजला आहे; तो खरवडून साफ करा. व्हॉल्व्ह बदलून बुजलेली वाट उघडत नाही.

कॅट: सगळ्यात शेवटी

कॅट सहसा आपणहून मरत नाही, त्याला कुणीतरी मारतं. मिसिंगचं कच्चं पेट्रोल, जळणाऱ्या ऑइलमधला फॉस्फरस, गळणाऱ्या हेड गास्केटमधून आलेलं कूलंट. ते कारण तसंच ठेवून नवा कॅट बसवणं म्हणजे गळक्या छपराखाली नवी गादी टाकणं.

थंड असताना रबरी हातोडीने हलके ठोका. आत खडखडलं तर जाळी फुटली आहे. मागे दुसरा ऑक्सिजन सेन्सर असेल तर गरम इंजिनावर २,५०० आरपीएमला त्याची रेषा जवळपास स्थिर राहायला हवी. ती पुढच्या सेन्सरसारखीच झुलत असेल तर कॅट ऑक्सिजन साठवत नाही. कॅटच्या पुढे-मागे तापमान मोजायची रीत सगळीकडे सांगितली जाते. माझा तिच्यावर फारसा भरवसा नाही, कारण इंजिन उत्तम चालत असेल तर कॅटला जाळायलाच काही उरत नाही आणि फरक थोडाच दिसतो. सर्वांत स्वस्तात मिळणाऱ्या कॅटमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे महागडे धातू कमी असू शकतात. तो गाडीच्या मॉडेलसाठी प्रमाणित आहे का ते विचारा.

टाकीत ओतायच्या बाटल्यांबद्दल: मळलेल्या इंजेक्टरला चांगल्या क्लीनरचा उपयोग होतो. फाटलेला डायफ्रॅम, झिजलेल्या रिंगा आणि मेलेला कॅट यांवर बाटलीत औषध नाही.

डिझेल असेल तर

तिथे धुराची घनता मोजतात, बहुधा न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त: एअर फिल्टर, टर्बो आणि इंटरकूलरचे फाटलेले पाइप, उघडा अडकलेला ईजीआर, थेंब गाळणारे इंजेक्टर. निळा म्हणजे ऑइल. गरम इंजिनातूनही पांढरा येत असेल तर न जळलेलं डिझेल किंवा कूलंट. चाचणीत इंजिन गव्हर्नरपर्यंत, म्हणजे कमाल आरपीएमपर्यंत, पळवतात, म्हणून टायमिंग बेल्टची मुदत उलटली असेल तर आधी तो बदला. तिथे बेल्ट तुटला तर प्रदूषणाचा प्रश्नच उरत नाही.

पुन्हा चाचणीला जाताना

एका वेळी एकच दुरुस्ती करा आणि शक्य असेल तर दर वेळी ॲनालायझरवर आकडे पाहा. ओबीडी तपासलं जात असेल तर आदल्या दिवशी कोड पुसू नका, बॅटरीही काढू नका. त्याने रेडिनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्याच्या नोंदी) कोरे होतात आणि गाडी ‘तपासणीस तयार नाही’ म्हणून परत पाठवली जाते. थंड इंजिनापासून सुरू करून, काही शहरी थांबे आणि मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाची मजल अशा मिश्र फेऱ्या काही दिवस होऊ द्या, मग स्कॅनरवर मॉनिटर पूर्ण झाल्याची खात्री करा. बाष्प नियंत्रणाचा मॉनिटर बहुतेक गाड्यांत टाकी पूर्ण भरलेली किंवा अगदी रिकामी असताना चालत नाही, तेव्हा ती निम्म्याच्या आसपास ठेवा.

चाचणीच्या दिवशी वीसेक मिनिटं एक गिअर खाली ठेवून, थोड्या चढ्या आरपीएमवर गाडी चालवा आणि थेट आत न्या. रांग असेल तर इंजिन चालू ठेवा, आणि पाळी यायच्या आधी दोन-तीन मिनिटं २,५०० आरपीएम धरून कॅट पुन्हा तापवा. एसी, दिवे, मागच्या काचेचा हीटर बंद ठेवा, म्हणजे स्लोला इंजिनावर जादा भार येणार नाही.